चुकीचाही हिशेब ठेवणारा: मॅथ्यू फ्लिंडर्स आणि शिडाच्या काळातलं सागरी सर्वेक्षण

नमस्कार. मॅथ्यू फ्लिंडर्स हे नाव ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. तिथे त्याच्या नावाची डोंगररांग आहे, बेट आहे, विद्यापीठ आहे, आणि मेलबर्नचं मुख्य रेल्वे स्टेशन ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्यालाही त्याचंच नाव आहे. आपल्याकडे तो फारसा माहीत नाही. माहीत असला तर वादळं, जहाज फुटणं, साडेसहा वर्षांची कैद अशा साहसकथेतला नायक म्हणून. ती कथा खरीच आहे आणि तिच्याकडे मी येणार आहे. पण आज मला बोलायचंय ते त्याच्या वहीबद्दल. प्रत्येक मोजमापाशेजारी ते कोणत्या परिस्थितीत घेतलं हे लिहून ठेवायची शिस्त त्याच्याकडे होती. आपलं मोजमाप चुकलेलं असू शकतं हे धरून चालणारा माणूस जो नकाशा काढतो, तो नंतर दुरुस्त करता येतो. नुसता हुशार माणूस काढतो तो येतोच असं नाही.

फ्लिंडर्सचा जन्म १६ मार्च १७७४ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशरमधल्या डॉनिंग्टन गावचा. वडील शस्त्रवैद्य, घरात दर्यावर्दीपणाची परंपरा नाही. १७८९ मध्ये तो नौदलात शिरला. त्या काळी लेफ्टनंटच्या परीक्षेला बसायचं तर सहा वर्षांची समुद्रावरची नोकरी लागायची, आणि ती कोणत्या कप्तानाच्या हाताखाली होते यावर पुढचं बरंच ठरायचं. फ्लिंडर्सचं नशीब असं, की १७९१ मध्ये तो विल्यम ब्लायच्या ‘प्रॉव्हिडन्स’वर गेला. ‘बाउंटी’वरच्या बंडामुळे बदनाम झालेला तोच हा ब्लाय. ताहितीहून ब्रेडफ्रूटची रोपं वेस्ट इंडीजला न्यायची, ही त्याची दुसरी खेप. माणूस तोंडाचा वाईट, पण नकाशाच्या कामात पक्का, कारण तो स्वतः जेम्स कुकच्या ‘रेझोल्यूशन’वर सुकाणू अधिकारी होता. म्हणजे कुककडून ब्लायकडे आणि ब्लायकडून फ्लिंडर्सकडे, अशी ही सरळ गुरुपरंपरा आहे. सर्वेक्षण शिकवणारी शाळा नौदलात नव्हती. जे काही होतं ते असं डेकवर, हाताखाली राहून शिकायचं.

१ जून १७९४ च्या मोठ्या लढाईत तो ‘बेलेरोफॉन’ या युद्धनौकेवर होता. त्यानंतर मात्र त्याने तोफांकडे पाठ फिरवली आणि १७९५ मध्ये ‘रिलायन्स’ने सिडनी गाठलं. जहाजाचा शस्त्रवैद्य जॉर्ज बास हा त्याच्यासारखाच किनाऱ्याने झपाटलेला. दोघांनी आणि एका पोराने ‘टॉम थंब’ नावाच्या चिमुकल्या होडीतून जवळच्या खाड्या धुंडाळल्या. १७९८ च्या ऑक्टोबरात २५ टनांचं ‘नॉरफोक’ नावाचं गलबत घेऊन दोघं निघाले आणि जानेवारी १७९९ मध्ये टास्मानियाला पूर्ण वळसा घालून परतले. टास्मानिया हे बेट आहे आणि मधे सामुद्रधुनी आहे, हे त्यातून सिद्ध झालं. व्यवहारात याचा अर्थ असा, की केप ऑफ गुड होपकडून सिडनीला येणाऱ्या जहाजांची वाट कित्येक दिवसांनी कमी झाली. सामुद्रधुनीला बासचं नाव द्यावं असं फ्लिंडर्सनेच सुचवलं.

या जोरावर १८०१ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षाच्या आतच, त्याला ‘इन्व्हेस्टिगेटर’ मिळालं. ३३४ टनांचं, मूळचं व्यापारी जहाज. उथळ तळाची, पोटात भरपूर जागा असलेली अशी जहाजं कुकपासून सर्वेक्षणाला पसंत केली जात, कारण ती किनाऱ्याजवळ नेता येतात आणि वाळूवर टेकली तरी सरळ बसतात. गोम अशी होती, की चांगली जहाजं फ्रान्सशी चाललेल्या युद्धात गुंतलेली होती आणि उरलंसुरलं सर्वेक्षणाच्या वाट्याला येत होतं. ‘इन्व्हेस्टिगेटर’ इंग्लिश खाडीतच गळायला लागलं होतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जहाजावर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन, निसर्गचित्रकार फर्डिनंड बाउअर, देखावे काढणारा विल्यम वेस्टॉल, माळी पीटर गुड अशी मंडळी होती. ईस्ट इंडिया कंपनीनेही अधिकाऱ्यांच्या आणि शास्त्रज्ञांच्या जेवणखर्चासाठी ६०० पौंड दिले. त्या पाण्यात व्यापाराची मक्तेदारी कंपनीची होती, तेव्हा धोक्याचे खडक नकाशावर आले तर फायदा तिचाच. नौदलाचा नकाशाविभागही तेव्हा नवा होता, १७९५ चा. त्याचा प्रमुख अलेक्झांडर डॅलरिंपल हा आधी कंपनीचा नकाशातज्ज्ञ. बॉम्बे मरीन या कंपनीच्या आरमारातल्या जॉन मॅक्लूरने आपल्या पश्चिम किनाऱ्याचं जे सर्वेक्षण केलं, त्याचे नकाशे याच डॅलरिंपलने छापले होते. कोकणचा किनारा आणि ऑस्ट्रेलियाचा किनारा कागदावर येत होता तो एकाच पिढीत, जवळपास एकाच पद्धतीने.

आता ती पद्धत. जमिनीवर सर्वेक्षण करणारा साखळीने पाया मोजतो, टोकांवरून कोन घेतो आणि त्रिकोणांचं जाळं विणतो. हजारो मैलांचा अनोळखी किनारा, जहाज एक, पाणी मोजकं, अशा वेळी हे परवडत नाही. म्हणून चालत्या जहाजावरून सर्वेक्षण. यात पाया म्हणजे जहाजाने कापलेलं अंतर. समजा सकाळी आठ वाजता एका भूशिराची दिशा होकायंत्राने घेतली. तासाभराने, चार मैल पुढे गेल्यावर, त्याच भूशिराची दिशा पुन्हा घेतली. दोन रेषा कागदावर जिथे छेदतात तिथे भूशिर. पण दोन रेषा कुठेतरी छेदणारच, त्यातून चूक कळत नाही. म्हणून तिसरी दिशा घ्यायची. तिसरी रेषा त्याच बिंदूतून गेली तर ठीक. न गेल्यास मधे छोटा त्रिकोण उरतो आणि तो जितका मोठा तितकी चूक मोठी. शिवाय रेषा एकमेकींना काटकोनाच्या आसपास छेदायला हव्यात. फार अरुंद कोनात छेदल्या, तर दिशेत अर्ध्या अंशाची गफलतही भूशिराला बरंच पुढेमागे सरकवते.

कापलेलं अंतर मोजायचं कसं? दोरीच्या टोकाला लाकडी फळी बांधून ती मागे पाण्यात टाकायची. फळी पाण्यात उभी राहून जागेवर थांबते, जहाज पुढे जातं, दोरी सुटत जाते. २८ सेकंदांची वाळूची घटी रिकामी होईपर्यंत किती गाठी गेल्या ते मोजायचं. दोन गाठींत ४७ फूट ३ इंच अंतर ठेवलं, की जितक्या गाठी तितके तासाला सागरी मैल. हिशेब सोपा आहे: ६०८० फुटांचा मैल, ३६०० सेकंदांचा तास, त्यातले २८ सेकंद. आता यात बिघडतं काय? घटीतली वाळू दमट झाली की ती सावकाश पडते, दोरी जास्त सुटते, वेग खोटा वाढतो. दोरी भिजून आखडली की गाठी जवळ येतात, वेग पुन्हा खोटाच वाढतो. म्हणून दोरी अधूनमधून मापून घ्यायची आणि घटी घड्याळाशी ताडायची. आणि सगळ्यात वाईट चूक अशी, की फळी ज्या पाण्यात आहे ते पाणीच वाहत असेल तर काहीच कळत नाही. किनाऱ्याला समांतर प्रवाह असेल तर अख्खा किनारा नकाशावर ताणला जातो किंवा आखडतो. याला उपाय आकाशाकडे बघण्याचा.

दुपारी सूर्य माथ्यावर येतो तेव्हा त्याची उंची सेक्सटंट या कोन मोजायच्या यंत्राने मोजली की अक्षांश मिळतो. एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक म्हणजे एक सागरी मैल. पण ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर एक पंचाईत आहे. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि जमीनही उत्तरेलाच. म्हणजे सूर्याखाली समुद्राचं स्वच्छ क्षितिज नसून किनारा असतो, तोही तापलेल्या हवेत थरथरणारा. मग पाठ फिरवून दक्षिणेच्या क्षितिजावरून, डोक्यावरून पलीकडचा कोन मोजायचा. सेक्सटंट साधारण १२० अंशांपर्यंत मोजतो. जानेवारी-फेब्रुवारीत ३४ अक्षांशावर सूर्य ७५ अंशांच्या आसपास चढतो, पलीकडचा कोन १०५ च्या घरात येतो, म्हणजे जमतं. एप्रिलमध्ये सूर्य खाली उतरला की हा मार्ग बंद. उन्हाळ्यात जिथे दोन्ही क्षितिजं मोकळी असत तिथे फ्लिंडर्स दोन्हीकडून वेध घेऊन सरासरी काढायचा. दोन्हींतला फरक पाहून त्या दिवशी क्षितिज किती फसवतंय याचाही अंदाज यायचा.

रेखांशासाठी क्रोनोमीटर, म्हणजे ग्रिनिचची वेळ दाखवत राहणारं अचूक घड्याळ. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे घड्याळाच्या ४ सेकंदांची चूक झाली की रेखांशात एक कला, विषुववृत्ताजवळ एक मैल. रोज दोन सेकंद चुकणारं घड्याळ वाईट नाही, पण ते रोज दोनच सेकंद चुकतंय हे माहीत पाहिजे. रोजची ही चाल काढायला किनाऱ्यावर तंबू ठोकायचा, पाऱ्याच्या थाळीत सूर्याचं प्रतिबिंब पाहायचं, सकाळी आणि दुपारनंतर सूर्य सारख्याच उंचीवर असतानाच्या वेळा घ्यायच्या. दोहोंचा मध्य म्हणजे स्थानिक मध्यान्ह. असं आठ-दहा दिवस केलं की चाल मिळते. जहाजावर चार घड्याळं होती. थॉमस अर्नशॉची दोन भरवशाची निघाली, आर्नल्डची दोन तशी नव्हती. चार ठेवण्याचा उपयोगच हा: एकच असतं तर ते बिघडल्याचं कळलंच नसतं.

घड्याळांवर वचक म्हणून चंद्र. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. चंद्र आणि एखादा तारा किंवा सूर्य यांतलं अंतर मोजून पंचांगाशी ताडलं की ग्रिनिचची वेळ मिळते. पण अंतर मोजण्यात एका कलेची चूक म्हणजे वेळेत दोन मिनिटं, म्हणजे रेखांशात अर्धा अंश, म्हणजे तीस मैलांच्या आसपास. म्हणून मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी असे डझनावारी वेध घेऊन सरासरी काढायची. त्यातून हाताची चूक जाते. पंचांगाची जात नाही! चंद्राची भाकितं करणारे तक्तेच त्या काळी थोडे चुकीचे होते आणि ती चूक सगळ्या वेधांना एकाच दिशेने ढकलते. फ्लिंडर्सला हे माहीत होतं. पुढे इंग्लंडला परतल्यावर त्या त्या दिवशी ग्रिनिचला चंद्र प्रत्यक्षात कुठे दिसला होता ते घेऊन सगळी गणितं नव्याने करवली गेली, आणि नकाशे त्यानुसार बदलेपर्यंत त्याने छपाई रेटली नाही. ही गणितं नव्याने करता आली, कारण मूळ वेध तारीख-वेळेसह जसेच्या तसे वहीत होते. नुसते अंतिम रेखांश लिहून ठेवले असते तर चूक कायमची अडकली असती. खरं तर या कामासाठी जॉन क्रॉस्ली नावाचा खगोलज्ञ बरोबर दिला होता, पण तो केपलाच आजारी पडून उतरला. मग सगळं फ्लिंडर्स आणि त्याचा धाकटा भाऊ सॅम्युअल यांच्यावर आलं.

खोली मोजणं वेगळंच. शिशाचं सात ते चौदा पौंडांचं वजन, वीस-पंचवीस वाव दोरी. एक वाव म्हणजे सहा फूट. दोरीवर दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तिनावर तीन, पाचावर पांढरं कापड, सातावर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं. कापडं निरनिराळ्या पोताची अशासाठी, की रात्री ती ओठांनी किंवा बोटांनी ओळखता यावीत. वजनाच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरायची, म्हणजे तळाची वाळू, शिंपले, चिखल चिकटून वर येतो. काहीच आलं नाही आणि चरबीवर खरवडल्याची खूण असली तर खाली खडक, आणि तिथे नांगर टाकायचा नाही. या मापनात चूक होते ती भरतीची. सकाळी आठ वाव मिळालेली जागा संध्याकाळी सहा वाव भरू शकते, म्हणून मोजमापाची वेळ लिहायची आणि नंतर ओहोटीच्या पातळीवर आणायचं.

फ्लिंडर्सचा दिवसाचा क्रम असा होता. किनाऱ्यावर फुटणारी लाट दिसेल इतकं जवळ जायचं, म्हणजे नदीचं मुख किंवा खाडी नजरेतून सुटणार नाही. वारा तसं जवळ जाऊ देत नसेल तर दुर्बीण घेऊन स्वतः डोलकाठीवर चढायचं. डेकवरून, सोळा फुटांवरून, क्षितिज पावणेपाच मैलांवर असतं, शंभर फुटांवरून साडेअकराच्या पुढे. दिशा त्याने स्वतः घ्यायच्या आणि घेतल्या घेतल्या, जमीन डोळ्यांपुढे असतानाच, कागदावर मांडायच्या. रात्री झोपण्याआधी त्या दिवसाचा कच्चा नकाशा, वेधांची गणितं आणि रोजनिशी पुरी करायची. रात्री जहाज समुद्रात काढायचं आणि पहाटे पुन्हा नेमक्या त्याच जागी आणायचं जिथे काल काम थांबलं होतं. ऐकायला साधं वाटतं, पण शिडाच्या जहाजाला रात्रभर वारा आणि प्रवाह कुठे नेईल याचा नेम नसतो. कालची शेवटची टेकडी सकाळी ओळखता आली नाही तर नकाशात सांधा निसटतो. इथे वेस्टॉलने काढलेली किनाऱ्याची रेखाचित्रं कामी यायची.

६ डिसेंबर १८०१ ला केप ल्यूविन दिसलं, किंग जॉर्ज साउंडमध्ये जवळजवळ महिनाभर डागडुजी आणि घड्याळांची चाल काढणं झालं, आणि जानेवारीत पूर्वेकडे काम सुरू झालं. २१ फेब्रुवारीला पाण्याच्या शोधात गेलेली होडी उलटून सुकाणू अधिकारी जॉन थिसलसह आठ जण गेले. त्या भूशिराचं नाव केप कॅटॅस्ट्रोफी. ४ मार्चला पोर्ट लिंकनला सूर्यग्रहण मिळालं, रेखांशासाठी ही पर्वणीच. मग स्पेन्सरचं आखात, त्याच्या टोकाशी पोहोचल्यावर कळलं की खंडाला दुभागणारी सामुद्रधुनी वगैरे नाही, सगळी जमीन एकसंध आहे. ८ एप्रिलला समोरून एक जहाज आलं: निकोला बोदँचं फ्रेंच ‘जिओग्राफ’, तेच काम उलट दिशेने करत येणारं. दोन्ही देशांत युद्ध चालू आहे अशीच समजूत असताना दोघांनी एकमेकांचे परवाने (शास्त्रीय मोहिमेला शत्रूदेशाने दिलेली अभयपत्रं) पाहिले आणि माहितीची देवाणघेवाण केली. ज्या उपसागरात ही भेट झाली तो एन्काउंटर बे. ९ मे १८०२ ला सिडनी.

याच दक्षिण किनाऱ्यावर फ्लिंडर्सच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात टिकाऊ काम ते हेच. जहाजाचं तोंड पूर्वेला असताना घेतलेली टेकडीची दिशा आणि पश्चिमेला असताना घेतलेली दिशा जुळत नव्हती. टेकडी हलत नाही, म्हणजे होकायंत्र हलतंय. होकायंत्रं जहाजावर खोटं सांगतात हे आधीच्यांनीही पाहिलं होतं, पण बहुतेकांनी दोष यंत्रावर, खलाशावर किंवा लाटांवर ढकलला. फ्लिंडर्सने प्रत्येक दिशेशेजारी जहाजाचं तोंड कुठे होतं ते लिहायला सुरुवात केली, आणि होकायंत्र नेहमी त्याच एका जागी ठेवून वाचायचं ठरवलं, कारण चार पावलं सरकवलं तरी आकडा बदलायचा. आकडे साठल्यावर घडी दिसायला लागली. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असताना चूक जवळजवळ शून्य, पूर्व-पश्चिमेला सर्वात जास्त, मधल्या दिशांना त्या मानाने. गणितात सांगायचं तर, जहाजाचं तोंड आणि चुंबकीय उत्तर यांतल्या कोनाच्या ज्येच्या (साइनच्या) प्रमाणात.

कारण काय? जहाजातलं लोखंड: तोफा, खिळे, पट्ट्या, नांगर. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे उभं लोखंड स्वतः चुंबक बनतं. उत्तर गोलार्धात त्याचं वरचं टोक होकायंत्राच्या सुईचं उत्तर टोक ओढतं, दक्षिण गोलार्धात दक्षिण टोक. सुकाणूजवळचं होकायंत्र जहाजाच्या मागच्या भागात असतं, म्हणजे बहुतेक लोखंड त्याच्या पुढे. जहाज उत्तरेला निघालं तर लोखंड सुईच्या रेषेतच, ओढ असली तरी वळण नाही. पूर्वेला निघालं की लोखंड बाजूला येतं. दक्षिण गोलार्धात ते सुईचं दक्षिण टोक पूर्वेकडे खेचतं, म्हणजे उत्तर टोक पश्चिमेकडे जातं. उत्तर गोलार्धात बरोब्बर उलट. आणि मधे, जिथे मोकळी सुई आडवी राहते, म्हणजे सुई खाली झुकण्याचा कोन (चुंबकीय नती) शून्य असतो, तिथे ही चूक नाहीशी होते. नती जितकी जास्त तितकी चूक मोठी. हा संबंध त्याने आकड्यांतून काढला.

हे किरकोळ वाटेल, पण चार अंशांची चूक पंधरा मैलांवरच्या भूशिराला एक मैल सरकवते. त्यात जहाज वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाताना एका तिरक्यात चूक एकीकडे आणि दुसऱ्या तिरक्यात दुसरीकडे. म्हणजे तो मघाचा तिसऱ्या रेषेचा त्रिकोण कधी मिटतच नाही, आणि नकाशा काढणारा आपल्या डोळ्यांवर शंका घेत बसतो. तोंडाची नोंद असल्यामुळे फ्लिंडर्सला आधीच्या सगळ्या दिशा मागाहून दुरुस्त करता आल्या. यावरचा त्याचा निबंध १८०५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला, तो लिहिणारा तेव्हा कैदेत होता.

त्या कैदेपर्यंतची हकिगत आता भराभर सांगतो. जुलै १८०२ मध्ये तो सिडनीहून उत्तरेला निघाला. या फेरीत बंगारी नावाचा स्थानिक आदिवासी दुभाषा-मध्यस्थ म्हणून बरोबर होता. भाषा ठिकठिकाणी बदलत असताना, हत्यार टाकून एकटा पुढे जाऊन बोलणं सुरू करण्याची त्याची हातोटी कितीतरी वेळा कामी आली. ऑस्ट्रेलियाला वळसा घातलेला तो पहिला ज्ञात ऑस्ट्रेलियन. ग्रेट बॅरियर रीफमधून वाट काढून जहाज कार्पेंटारियाच्या आखातात शिरलं, तेव्हा तासाला दहा इंचांच्या पुढे पाणी भरत होतं. स्वीअर्स बेटाजवळ जहाज कलतं करून फळ्या तपासल्या. नोव्हेंबरअखेर सुताराचा आणि सुकाणू अधिकारी जॉन एकनचा अहवाल आला: आतली लाकडं इतकी कुजली आहेत की मोठ्या वादळात जहाज वाचणार नाही, वर्षभरात एकही लाकूड धड राहणार नाही, हवा चांगली राहिली तर सहा महिने निघतील. फ्लिंडर्सने आखाताचं काम तरीही पूर्ण केलं.

फेब्रुवारी १८०३ मध्ये त्याला मकासारहून आलेली सहा गलबतं भेटली. म्होरक्या पोबासू. ते सागरकाकडी गोळा करायला दरसाल येत, ती उकडून, वाळवून, धुरी देऊन चिनी व्यापाऱ्यांना विकत. पोबासूने सांगितलं की या हंगामात साठ गलबतं आणि हजार माणसं या किनाऱ्यावर आहेत. त्याच्याकडे नकाशा नव्हता, फक्त एक छोटं खिशातलं होकायंत्र. ‘शोधलेल्या’ किनाऱ्यावर दरवर्षी हजार माणसं येतात हे फ्लिंडर्सने प्रांजळपणे नोंदवलं, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

वायव्य किनारा सोडून, तिमोरला थांबून, आमांशाने माणसं गमावत तो जूनमध्ये सिडनीला पोहोचला. जहाज मोडीत निघालं. दुसरं आणायला तो ‘पॉरपॉइज’वरून प्रवासी म्हणून निघाला आणि १७ ऑगस्टच्या रात्री ‘पॉरपॉइज’ आणि ‘केटो’ ही दोन्ही जहाजं प्रवाळखडकावर आदळली. बरोबरचं ‘ब्रिजवॉटर’ हे कंपनीचं जहाज मदत न करता निघून गेलं. ते मुंबईला आलं, कप्तानाने सगळे बुडाल्याचं जाहीर केलं, आणि मुंबईहून लंडनला निघाल्यावर ते जहाज पुन्हा कधीच दिसलं नाही. इकडे वाळूच्या दांड्यावर ऐंशीच्या आसपास माणसं आणि बहुतेक नकाशे वाचले होते. फ्लिंडर्स उघड्या होडीतून सातशेच्या वर मैल सिडनीला गेला आणि सहा आठवड्यांत तीन जहाजं घेऊन परतला.

त्यातलं ‘कंबरलँड’ हे २९ टनांचं गलबत घेऊन तो इंग्लंडला निघाला. तेही गळकं, पंप झिजलेले. डिसेंबर १८०३ मध्ये दुरुस्तीसाठी मॉरिशसला वळला. युद्ध पुन्हा पेटल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. फ्रेंच परवाना होता, पण त्यावर नाव ‘इन्व्हेस्टिगेटर’चं. शिवाय त्याच्याकडे न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरचे लखोटे होते आणि त्यात लष्करी मजकूर होता, म्हणजे मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नर देकाँचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. वरून फ्लिंडर्सने त्याचं जेवणाचं आमंत्रण रागात धुडकावलं. सुटकेचा आदेश नेपोलियनने १८०६ मध्ये मंजूर केला, तो १८०७ मध्ये बेटावर पोहोचला, देकाँने अमलात आणला नाही. सुटका जून १८१० मध्ये. पुढे दोनेक दशकांनी मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांनी जिथे घरं केली, त्याच बेटावर हा माणूस साडेसहा वर्षं नकाशे पक्के करत बसला. त्याच्या नोंदवहीचा तिसरा खंड त्याला कधीच परत मिळाला नाही.

नोकरीच्या हिशेबाने ही कैद फार महाग पडली. कप्तानपद परतल्यावर मिळणार होतं. परत आल्यावर ते मिळालं खरं, पण मे १८१० पासून. नौदलात बढती ज्येष्ठतेने, म्हणजे गेलेली वर्षं कायमची गेली, आणि हातात अर्धा पगार. पत्नी अ‍ॅनला १८०१ मध्ये लग्नानंतर तीनच महिन्यांत मागे ठेवावं लागलं होतं, ती नऊ वर्षांनी भेटली. मग १८११ मध्ये फ्रेंचांनी ऑस्ट्रेलियाचा पूर्ण नकाशा छापून टाकला, दक्षिण किनाऱ्याला नेपोलियनचं नाव देऊन. फ्लिंडर्सचा ग्रंथ आणि नकाशे १८ जुलै १८१४ ला बाहेर आले, दुसऱ्या दिवशी तो गेला. वय चाळीस. लंडनच्या ज्या दफनभूमीत त्याला पुरलं होतं तिच्यावर पुढे युस्टन स्टेशनचा विस्तार आला. २०१९ मध्ये नव्या रेल्वेमार्गाच्या उत्खननात नावाच्या पट्टीसह त्याची शवपेटी सापडली आणि २०२४ मध्ये डॉनिंग्टनला त्याचं पुन्हा दफन झालं.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत, आजारी असताना, त्याने नौदलाकडून परवानगी काढून इंग्लंडच्या बंदरांतल्या युद्धनौकांवर होकायंत्राचे तेच प्रयोग पुन्हा करवले होते: जहाज जागच्या जागी फिरवत न्यायचं आणि प्रत्येक तोंडाला किनाऱ्यावरच्या एकाच खुणेची दिशा घ्यायची. जहाजातल्या उभ्या लोखंडाची ओढ समोरासमोर ठेवलेल्या उभ्या लोखंडानेच मोडता येईल, ही कल्पनाही त्याचीच. तेव्हा जहाजं लाकडाची होती, कोणाला घाई नव्हती. लोखंडी जहाजं आली तेव्हा होकायंत्रं इतकी बहकायला लागली, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॉर्ड केल्व्हिनच्या होकायंत्रपेटीत हा उभ्या लोखंडाचा गज कायमचा बसला. त्याला फ्लिंडर्स बार म्हणतात. मऊ लोखंडाचा, कारण पोलादात चुंबकत्व साठून राहतं आणि गोलार्ध बदलला तरी जात नाही. तो पितळी नळीत, पेटीच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूला उभा असतो, आणि त्याचे लहानमोठे तुकडे असतात. किती तुकडे घालायचे हे एका जागी उभं राहून ठरवता येत नाही. पूर्व आणि पश्चिम तोंडाला राहणारी चूक दोन वेगळ्या अक्षांशांवर, शक्यतो एकदा चुंबकीय विषुववृत्ताजवळ (जिथे नती शून्य असते तिथे), मोजावी लागते. तिथे उभ्या लोखंडाचा वाटा शून्य असतो, म्हणून जी चूक उरते ती जहाजाच्या कायम चुंबकत्वाची. ती पेटीतल्या चुंबकांनी काढायची, आणि पुढे दूरच्या अक्षांशावर जी नव्याने दिसेल तेवढीच गजाने.